शाडोच्या दोन बहिणी

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला एका अशा पुतळ्याबद्दल सांगणार आहे जो तयार झाला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग राजानंच तो नजरेआड करून टाकला, तो कित्येक वर्षं. पुतळा दोन राजघराण्यातल्या बहिणींचा, बर्लिनमधला, घडवणारा आहे योहान गॉटफ्रीड शाडो, प्रशियाच्या, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या, राजदरबाराचा शिल्पकार. माझ्या मते त्या काळात दगडात जिवंत माणूस दाखवणारा त्याच्या तोडीचा माणूस जर्मनीत दुसरा नव्हता, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

शाडोचा जन्म १७६४ चा, बर्लिनमधलाच. वडील शिंपी. म्हणजे घरात कलेचा वारसा वगैरे काही नाही, पण पोराचा हात चांगला होता आणि तो दरबारी शिल्पकार तासार्ट याच्याकडे शिकायला लागला. मग विशीतच मारियान नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, तिचे वडील व्हिएन्नाचे जवाहिरे, आणि दोघं १७८५ मध्ये चक्क बर्लिनहून पळून गेले. सासरेबुवा चिडले असतील असं वाटतं ना, पण त्यांनीच पुढे जावयाच्या इटलीच्या मुक्कामाला पैसे दिले! रोममध्ये दोनेक वर्षं राहून जुनी ग्रीक-रोमन शिल्पं बघून, अभ्यासून तो परत आला, आणि १७८८ मध्ये तासार्ट वारल्यावर त्याची जागा शाडोला मिळाली. वय किती, तर फक्त चोवीस.

पहिलं मोठं काम मिळालं ते फार दुःखाचं. राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म, त्याचा एक लाडका मुलगा होता, अलेक्झांडर, लग्नाबाहेरचा, तो आठ वर्षांचा असताना गेला. त्याची समाधी शाडोनं केली, १७९० मध्ये पूर्ण झाली. पोरगा झोपलाय असं वाटतं, जवळ शिरस्त्राण आहे, तलवार आहे, आणि खाली कोरलेल्या चित्रात काळ त्याला देवी मिनर्व्हापासून ओढून नेतोय. देवदेवता सगळ्या ग्रीक-रोमन, रिवाजाप्रमाणे, पण झोपलेलं पोर मात्र खरं पोर आहे, आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते.

ब्रँडेनबुर्ग गेटवरचा चार घोड्यांचा रथ, क्वाड्रिगा, तोही शाडोचाच, १७९३ चा. तो दगडाचा नाही बरं का, तांब्याचा पत्रा ठोकून केलेला आहे, आणि ठोकणारा पॉट्सडॅमचा तांबट होता, एमान्युएल युरी. १८०६ मध्ये नेपोलियन तो उचलून पॅरिसला घेऊन गेला, १८१४ मध्ये परत आला, मग दुसऱ्या महायुद्धात त्याचा चुराडा झाला, एका घोड्याचं डोकं तेवढं वाचलं, आणि आज जो दिसतो तो १९५८ च्या आसपास नव्यानं केलेला. युद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये त्याचे प्लास्टरचे साचे घेऊन ठेवले होते म्हणून जमलं. १९५८ च्या त्या कामात, शहर दुभंगलेलं असताना, गेट दुरुस्त केलं पूर्व बर्लिननं आणि रथ घडवला पश्चिम बर्लिननं. यावर खूप बोलता येईल, पण मला त्या बहिणींकडे यायचंय.

तर १७९३ च्या डिसेंबरात मेक्लेनबुर्ग या छोट्या जर्मन राज्याच्या दोन सख्ख्या बहिणी, लुइझे आणि फ्रीडरिके, प्रशियाच्या दोन सख्ख्या भावांशी लग्न करून बर्लिनला आल्या. थोरली सतरा वर्षांची, धाकटी पंधरा. थोरलीचा नवरा युवराज. अख्खं बर्लिन त्यांच्यावर फिदा. शाडोनं आधी दोघींचे वेगवेगळे अर्धपुतळे केले, आणि मग दोघी एकत्र, पूर्ण उंचीच्या. प्लास्टरमधला १७९५ मध्ये बर्लिनच्या कला अकादमीच्या प्रदर्शनात ठेवला, संगमरवरी १७९७ मध्ये झाला.

लुइझेचा हात धाकटीच्या खांद्यावर आहे, धाकटीनं थोरलीच्या कमरेभोवती हात टाकलाय. ना मुकुट, ना राजचिन्ह, ना देवीचं रूप. अंगात पातळ साधे झगे, आणि लुइझेच्या गळ्याभोवती हनुवटीखालून बांधलेला एक रुमाल, कारण तेव्हा तिच्या गळ्याला सूज आली होती म्हणतात, ती झाकायला तसं बांधत, आणि बर्लिनच्या बायकांनी तीच फॅशन उचलली. शाडोनं तो रुमाल काढून टाकला नाही. मापं त्यानं स्वतः प्रत्यक्ष अंगावरून घेतली होती, मनानं देवी कल्पून काम केलं नाही, म्हणून त्या दोघी दोन वेगळ्या मुली वाटतात, थोरली भारदस्त, धाकटी थोडी लाजरी.

आणि नेमकं तेच नडलं. धाकटीचा नवरा १७९६ मध्येच वारला, ती विधवा झाली, मग एका राजपुत्रापासून तिला दिवस गेले आणि घाईघाईत लग्न उरकावं लागलं, दरबारात बोभाटा झाला. इकडे १७९७ मध्ये लुइझेचा नवरा राजा झाला, तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म, अबोल, संकोची माणूस, त्याला हा पुतळा आवडलाच नाही. आपल्या बायकोचं शरीर असं पातळ कपड्यात, सगळ्यांसमोर, आणि शेजारी ती बदनाम मेव्हणी! पुतळा राजवाड्यातल्या एका बाजूच्या खोलीत गेला, आणि लोकांच्या नजरेआड कित्येक दशकं राहिला. बिचाऱ्या फ्रीडरिकेला आपण आजच्या नजरेनं बघितलं तर काय गुन्हा केला होता तिनं, अठरा वर्षांची विधवा ती.

शाडोचा हट्टच होता, माणूस जसा आहे तसा दाखवायचा. हुसार घोडदळाचा सेनापती झीटेन, त्याचा पुतळा १७९४ मध्ये केला तेव्हा मोठ्या माणसाला रोमन झगाच घालायचा अशी पद्धत, शाडोनं मात्र त्याला त्याच्या रोजच्या युनिफॉर्ममध्ये उभा केला, हनुवटीला हात लावून विचार करणारा. जर्मनीचा महाकवी गटे, त्यालाही हे पटलं नाही, त्यानं लिहिलं की बर्लिनमध्ये नुसता निसर्गवाद, म्हणजे जसंच्या तसं दाखवणं, माजलाय, आणि शाडोनं छापून त्याला उत्तर दिलं. गटेला उलट उत्तर द्यायची हिंमत तेव्हा कितीजणांत होती?

१८१० मध्ये लुइझे वारली, जेमतेम चौतिशीत. तिच्या समाधीचं काम शाडोला मिळालं नाही, मिळालं क्रिस्टियान राउखला, जो आधी राणीच्याच सेवेत होता आणि शाडोच्या हाताखाली काम केलेला. शार्लोटेनबुर्गच्या बागेत ती समाधी आहे, सुंदर आहे यात शंका नाही, पण मला तिथं राणी दिसते, लुइझे नाही. दरबाराला अशीच राणी हवी होती. शाडो मात्र घरी बसला नाही, १८१५ पासून बर्लिन अकादमीचा डायरेक्टर झाला तो १८५० मध्ये मरेपर्यंत, विटेनबर्गमधला धर्मसुधारक ल्यूथरचा पुतळा त्याचा, रोस्टॉकमधला सेनापती ब्ल्यूखरचा पुतळा त्याचा, नजर अधू होत गेली तसा चित्रं आणि लिखाणाकडे वळला, १८३४ मध्ये मानवी शरीराच्या मापांवर ग्रंथ काढला.

त्या दोघी बहिणी आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहेत, आणि त्या लहान अलेक्झांडरची समाधीही तिथेच. श्रोत्यांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर एक सांगते, नुसतं समोरून बघून पुढे जाऊ नका, मागून चक्कर मारा, फ्रीडरिकेचा थोरलीच्या कमरेवरचा हात तिकडूनच नीट दिसतो. नमस्कार.