स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश

मित्रहो, सरकारवर टीका करायची म्हटली की आपण लगेच भ्रष्टाचाराकडे वळतो. कुणी पैसे खाल्ले, कुणाचा खटला वर्षानुवर्षं रखडला. ते सगळं आज बाजूला ठेवू. धरून चाला की सरकार स्वच्छ आहे, कामसू आहे, निवडणुका चोख होतात. तरीही एक हरकत उरते, आणि मला ती बाकीच्या सगळ्या तक्रारींपेक्षा जड वाटते. कायदा करणं, तो लावणं आणि वाद झाला की निवाडा देणं, ही तिन्ही कामं एकाच संस्थेने आपल्याकडे ठेवायची आणि दुसरं कुणी ती करू लागलं तर त्याला गुन्हेगार ठरवायचं, हा हक्क तिला आला कुठून?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं उत्तर आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय, त्याचं नाव माहीत नसलं तरी. सरकार नसेल तर प्रत्येक जण स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होईल, म्हणून तिऱ्हाईत हवा. मुद्दा बिनतोड आहे. पण मग माझं भांडण त्या तिऱ्हाइताशीच असेल तर? त्याने माझी जमीन घेतली, मला विनाकारण डांबलं, तर निवाडा कोण देणार? लॉकला हा पेच दिसला होता. निरंकुश राजाच्या बाबतीत त्याने तो स्पष्ट मांडला, की असा राजा आणि त्याची प्रजा यांच्यामध्ये तिऱ्हाईत कुणी नसतोच. माझं म्हणणं इतकंच, की राजाच्या जागी संसद आणली तरी हा पेच सुटत नाही.

‘सत्तेचं विभाजन आहे ना! न्यायालयं स्वतंत्र आहेत!’ समोरचे काही चेहरे हेच म्हणताहेत. मग एक खरा खटला ऐका. १९४२ साली जपानी फौजा रंगूनवर चालून येत होत्या. त्यांच्या हाती तेल लागू नये म्हणून ब्रिटिश सैन्याने बर्मा ऑइल कंपनीची तिथली मालमत्ता उद्ध्वस्त केली. युद्धात असं करावं लागलं असेल, त्यावर मी वाद घालत नाही. कंपनीने भरपाई मागितली, प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६४ साली तिथल्या न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं की सरकारने भरपाई दिली पाहिजे. न्यायालय स्वतंत्र होतं, निर्भीड होतं, सगळं तुमच्या मनासारखं. पुढे काय झालं? १९६५ साली संसदेने ‘वॉर डॅमेज ॲक्ट’ केला, तोही पूर्वलक्षी. अशी भरपाई मागण्याचा हक्क जणू कधी नव्हताच! हरलेल्या पक्षाने निकालानंतर नियम बदलला, आणि तसं करणं संपूर्ण कायदेशीर होतं. तुमच्या-माझ्यातल्या कुणी हे केलं असतं तर त्याला आपण काय म्हटलं असतं?

संमतीचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण तो फारच लंगडा आहे. इथे राहता म्हणजे तुम्हाला हे मान्य आहे, असं सांगतात. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ सालीच विचारलं होतं, की झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची हुकमत स्वीकारली असं म्हणायचं का? आणि हा ह्यूम काही बंडखोर नव्हता. सरकार हवंच, या मताचा होता.

आता प्रश्न येतो, की कायदा आणि न्यायावर सरकारची मक्तेदारी नसेल तर ‘बळी तो कान पिळी’ होणार नाही का? आइसलँड पाहा. इसवी सन ९३० पासून १२६२ पर्यंत, म्हणजे तीन शतकांहून जास्त काळ, तिथे राजा नव्हता, सैन्य नव्हतं, पोलीस नव्हते. कायदा मात्र होता, आणि बऱ्यापैकी किचकट होता. दर उन्हाळ्यात थिंगवेलीरला सभा भरे, आणि कायदा सांगणारा अधिकारी दरवर्षी एक तृतीयांश कायदा सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणे. शेतकरी आपला सरदार निवडत, आणि नाही पटलं तर घर-जमीन न सोडता दुसऱ्याकडे जात. निकालाची अंमलबजावणी जिंकणाऱ्यानेच करायची. तो दुबळा असेल तर? त्याने आपला दावाच एखाद्या ताकदवान माणसाला देऊन टाकायचा, मग तो माणूस वसुली करी. गरिबावरचा अन्याय ही अशी हस्तांतर करता येणारी मालमत्ता झाली होती. मला यात कमालीची हुशारी दिसते.

तो स्वर्ग नव्हता. सुरुवातीच्या काळात तिथे गुलाम होते, सूडाच्या मालिका होत्या, आणि शेवटी चार-दोन घराण्यांच्या हाती सगळी सत्ता जाऊन रक्तपात झाला, मग नॉर्वेचा राजा आला. पण ही घराणी मोठी कशी झाली? अकराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चर्चसाठी सक्तीचा कर सुरू झाला, आणि चर्चची मालकी बहुधा सरदारांकडेच असे. अनुयायी सोडून गेले तरी हा पैसा येत राहणार. इतर कारणंही होती, पण हे मला सगळ्यात बोलकं वाटतं.

मक्तेदारीने आणखी एक गोष्ट गिळली, ती म्हणजे पीडित माणूस. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यात अंगठा तोडला तर २० शिलिंग, पुढचा दात पाडला तर ६ शिलिंग, असा हिशेब आहे. वाचताना हसू येतं. पण ते पैसे बहुतांशी ज्याचा दात पडला त्याला मिळत. पुढे इंग्लंडच्या राजांनी एकेक गुन्हा ‘राजाच्या शांततेचा भंग’ म्हणून आपल्याकडे ओढला, आणि दंड खजिन्यात जाऊ लागला. आज फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याचं घर फुटलं तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो, प्रश्नांची उत्तरं देतो आणि घरी जातो.

तिऱ्हाईत खरोखर शक्य आहे का, यावर वाद घालणाऱ्यांना मी एकच दाखला देतो. १९६५ च्या वॉशिंग्टन करारानुसार जागतिक बँकेच्या छत्राखाली एक लवाद केंद्र चालतं. परदेशी गुंतवणूकदार तिथे थेट सरकारवर दावा लावू शकतो, अर्थात त्या सरकारने आधी तशी तयारी दाखवलेली असेल तर. पंच दोन्ही बाजूंनी नेमायचे, म्हणजे न्यायाधीश सरकारचा नोकर नसतो. भांडवल हवं असलं की सरकारं ही अट मान्य करतात. त्याच सरकारने त्याच प्रकल्पासाठी ज्या शेतकऱ्याची जमीन घेतली, त्याने मात्र दाद त्याच सरकारच्या न्यायालयात मागायची.