वाट द्या, नाहीतर लढा : दोंगने, १५९२

(दृश्य : बुसानचा समुद्रकिनारा. समोर योंगदो बेट. पलीकडे क्षितिजावर त्सुशिमा बेटाची पुसट रेघ.)

हवा स्वच्छ असेल, तर कोरियाच्या बुसान बंदरातून जपानचं त्सुशिमा बेट नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मधलं अंतर जेमतेम ५० किलोमीटर. या पट्ट्यातून शेकडो वर्षं व्यापाऱ्यांची गलबतं येत-जात होती, नजराणे जात होते, कधी चाचे येत होते. त्यामुळे २३ मे १५९२ रोजी दुपारनंतर त्सुशिमाच्या बाजूने शिडं दिसू लागली, तेव्हा किनाऱ्यावर लगेच हाकाटी झाली नाही. बुसानजिनच्या किल्ल्याचे सेनानी जॉन्ग बाल त्या वेळी समोरच्या बेटावर शिकारीला गेले होते. हे लिहून ठेवलंय युद्धकाळात राजाचे प्रधान असलेल्या र्यू सॉन्ग-र्योंग यांनी. जॉन्ग बाल यांना आधी वाटलं, त्सुशिमाची नेहमीचीच जहाजं असतील. मग शिडांची रांग संपेचना. ते घाईने किल्ल्यात परतले आणि दरवाजे लावून घेतले.

त्या जहाजांवर सुमारे १८,७०० माणसं होती, आणि ही फक्त पहिली तुकडी होती. मागून येणारं सैन्य धरलं, तर एकूण आकडा दीड लाखाच्या वर जातो. जपानचं एकछत्री सत्ताकारण नुकतंच उभं करणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला कोरिया नको होता, निदान सुरुवातीला तरी. त्याला चीन हवा होता. मिंग सम्राटाच्या राज्यात शिरायचं तर कोरियातून जावं लागणार, म्हणून त्याने कोरियावर राज्य करणाऱ्या जोसन घराण्याच्या राजाकडे मागणी केली: आमच्या सैन्याला वाट द्या.

जोसनने ती मागणी धुडकावली. पण नकार दिल्यावर जी तयारी करायला हवी होती, ती झाली नाही. १५९० मध्ये जोसनचे वकील जपानला जाऊन हिदेयोशीला भेटून आले होते. परतल्यावर मुख्य वकील ह्वांग युन-गिल म्हणाले, युद्ध नक्की होणार. त्यांचे दुय्यम किम सॉन्ग-इल म्हणाले, तशी काही चिन्हं नाहीत. दोघे दरबारातल्या दोन वेगवेगळ्या गटांचे होते आणि दरबाराने ऐकायला सोपं ते ऐकलं. तरीही सगळं काही झोपेत गेलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दक्षिणेत काही किल्ल्यांची डागडुजी झाली, आणि नैर्ऋत्येच्या आरमारात ई सुन-शिन नावाच्या एका सरदाराची नेमणूक झाली. त्या नेमणुकीने पुढे देश वाचवला. पण ती पुढची गोष्ट.

(दृश्य : तोड्याची बंदूक, जवळून. पेटता तोडा बंदुकीच्या कानात पडतो, धूर.)

जपानी शिपायांच्या हातात तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या बंदुका होत्या. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसांबरोबर तानेगाशिमा बेटावर ही बंदूक पोचली आणि जपानी लोहारांनी काही वर्षांतच ती हजारोंनी घडवायला घेतली. त्या मूळ बंदुकीच्या घोड्याची रचना गोवा आणि मलाक्काच्या कारखान्यांतल्या बंदुकांसारखी होती, असं शस्त्रांचे काही अभ्यासक मानतात. कोरियनांना बंदूक अजिबात ठाऊक नव्हती असंही नाही. त्सुशिमाचा सरदार सो योशितोशी याने युद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी जोसन दरबाराला नमुना म्हणून बंदूक भेट दिली होती. ती शस्त्रागारात ठेवून दिली गेली. आता तोच सो योशितोशी पहिल्या तुकडीत होता. तुकडीचा सेनापती त्याचा सासरा, कोनिशी युकिनागा.

कोरियनांकडे शिंगाचं धनुष्य होतं आणि ते हलकं हत्यार नव्हतं. चांगल्या तिरंदाजाचा बाण बंदुकीच्या नेमक्या माऱ्यापेक्षा लांब जायचा. त्यांच्याकडे तोफाही होत्या. पण तसा तिरंदाज घडायला वर्षं जातात, आणि बंदूकधारी काही आठवड्यांत तयार होतो. त्यातून कोरियन गावकोटाची तटबंदी बुटकी, तिच्यावर पाठीला पाठ लावून उभी माणसं. खालून शेकडो बंदुका एकदम सुटल्या की तटावर डोकं वर काढणं अशक्य व्हायचं, आणि तेवढ्या वेळात शिड्या लागायच्या.

२४ मेच्या पहाटे बुसानजिनवर हल्ला झाला. जॉन्ग बाल काळा पोशाख घालून तटावर फिरत होते, म्हणून लोक त्यांना काळ्या कपड्यांचा सेनापती म्हणायचे. बाण संपत आले आणि त्यांना गोळी लागली. सकाळ संपायच्या आत किल्ला पडला. माझ्या मते बुसानजिनची सगळ्यात अंगावर येणारी साक्ष जपानी बाजूचीच आहे. हिरादोच्या सरदाराच्या पदरी असलेल्या योशिनो जिंगोझाएमोन याने आठवणी लिहिल्या. पुरुष, बायका, कुत्री-मांजरं, जे दिसलं ते कापलं, असं तो लिहितो. यात फुशारकी किती ते ठरवता येणार नाही. पण माणूस अशी गोष्ट फुशारकी म्हणून लिहितो, यातच त्या सकाळचं स्वरूप कळतं.

ज्या सेनापतीच्या झेंड्याखाली हे झालं तो कोनिशी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती होता, सो योशितोशीही ख्रिस्ती होता. त्यामुळे या मोहिमेच्या बातम्या जपानमधल्या जेझुइट पाद्र्यांपर्यंत पोचत होत्या. त्यांतलाच एक लुईश फ्रोइश. ऐन तारुण्यात गोव्यात आलेला, १५६१ मध्ये गोव्यातच पाद्री झालेला. कोरियातल्या या युद्धाचा पहिला युरोपीय वृत्तांत त्याच्यासारख्यांच्या लेखणीतून आला आणि तो बराचसा जपानी ख्रिस्ती सरदारांच्या तोंडून ऐकलेला आहे. तो वाचताना एवढं लक्षात ठेवावं लागतं.

पश्चिमेकडचा दादेजिनचा कोट युन हुंग-शिन यांनी लढवला, आणि तेही पडले. पण त्यांचं नाव दीडशेहून अधिक वर्षं कुणी घेतलं नाही. १७५७ मध्ये दोंगने या जवळच्या शहरात चो ऑम नावाचे अधिकारी आले. त्यांना लढाईत पडलेल्यांच्या स्मारकातल्या नावांत युन हुंग-शिन दिसले नाहीत, म्हणून त्यांनी जुने कागद शोधले आणि दादेजिनची हकिगत पुन्हा उजेडात आणली. हेच चो ऑम पुढे त्सुशिमाहून रताळ्याचं बियाणं कोरियात आणणारे. तिकडे त्यांना लोक रताळ्यासाठी ओळखतात. मला मात्र त्यांचं हे पहिलं काम जास्त मोलाचं वाटतं.

(दृश्य : नकाशा. बुसानजिन ते दोंगने. तिथून उत्तरेला सोलकडे जाणारी वाट.)

बुसानजिन हा बंदरावरचा पहारा. खरं शहर दोंगने, काही कोस आत. तटबंदी, खंदक, बाजार, कचेरी, घरं. सोलकडे जाणारा मोठा रस्ता इथून निघायचा. इथले अधिकारी होते सोंग सांग-ह्यॉन. वय चाळिशीचं, पेशाने सनदी अधिकारी, परीक्षा देऊन वर आलेले, पुस्तकांत वाढलेले. बुसानजिन पडल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्याकडे एक दिवसही नव्हता. आसपासचे अधिकारी आपापली माणसं घेऊन कोटात आले. त्यांत प्रांताच्या डाव्या विभागाचे सेनापती ई गाकही होते. या भागातलं सगळ्यात मोठं फौजी पद त्यांचं. ते आले, परिस्थिती पाहिली आणि म्हणाले, मी बाहेर तळ देतो, म्हणजे शत्रूला दोन्हीकडून कात्रीत धरता येईल. ते बाहेर पडले आणि परत आले नाहीत. पुढे दरबाराने त्यांचा शिरच्छेद केला. आरमाराचे प्रमुख पाक होंग यांनीही समुद्रावर लढाई दिलीच नव्हती. जपानी जहाजं पाण्यात असताना, माणसं आणि घोडे किनाऱ्यावर उतरण्याआधी त्यांना गाठायची एकच संधी होती. ती अशी हातची गेली.

याउलट यांगसानचे अधिकारी चो यॉन्ग-ग्यू. त्यांच्या अंगावर दोंगनेची जबाबदारी नव्हती. ते सोंगना म्हणाले, घरी आई आहे, तिचा निरोप घेऊन येतो. गेले, निरोप घेतला आणि खरोखर परत आले. दुसऱ्या दिवशी ते सोंग यांच्याबरोबरच मारले गेले.

२५ मे. जपानी सैन्य दोंगनेच्या दक्षिण दरवाजासमोर आलं आणि त्यांनी एक लाकडी फळी उभी केली. लढायचं असेल तर लढा. नाहीतर आम्हाला वाट द्या.

सोंग यांनी उत्तर लिहिलं आणि तटावरून बाहेर फेकलं. लढून मरणं सोपं आहे, वाट देणं अवघड.

(विराम.)

हे वाक्य कोरियात शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण ते बोलणाऱ्याच्या मागे तेव्हा हजारो माणसं उभी होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सोंग यांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी ही गोष्ट सांगताना त्या माणसांना वगळून पुढे जाववत नाही.

लढाई काही तासांत संपली. तट पडला तसे सोंग यांनी चिलखतावर दरबारी झगा चढवला, उत्तरेकडे तोंड करून राजाला नमस्कार केला आणि आसनावर बसले. हातातल्या पंख्यावर त्यांनी वडिलांसाठी चार ओळी लिहिल्या. चंद्राला खळं पडावं तसा एकट्या कोटाला वेढा पडला आहे. शेजारची ठाणी उंच उशीवर निजली आहेत. राजा आणि सेवक यांचं नातं जड, बाप-लेकाची माया हलकी. यातली दुसरी ओळ मला सगळ्यात धारदार वाटते. मरणाच्या दारात बसलेला सनदी अधिकारी शेवटचा अहवाल लिहावा तसं लिहितो: मदत आली नाही.

त्सुशिमाच्या लोकांत सोंगना ओळखणारा एकजण होता. पूर्वी कामानिमित्त आला असताना सोंग त्याच्याशी आदराने वागले होते. त्याने त्यांना निसटून जाण्याची खूण केली. ते हलले नाहीत. त्यांना मारलं गेलं आणि मग जपान्यांनीच त्यांचं दफन केलं. गुमसॉम नावाची त्यांची उपपत्नी पकडली गेली आणि तीही मारली गेली.

(दृश्य : रेशमावरचं जुनं चित्र. कॅमेरा कोटाच्या मध्यावरून हळूहळू छपरांकडे.)

१७६० मध्ये ब्यॉन बाक या चित्रकाराने हा दिवस रेशमावर रंगवला. मध्यभागी लाल झग्यात सोंग. दरवाजाबाहेर ती फळी. वरच्या बाजूला घोड्यावरून पळणारे ई गाक, कारण चित्रकाराने त्यांनाही सोडलं नाही. आणि एका घराच्या छपरावर दोन बायका. त्या कौलं उपसून खालच्या सैनिकांवर फेकताहेत. त्यांची नावं कुठेच नाहीत.

चित्रात जे आलं नाही, ते जमिनीत होतं. १७३१ मध्ये दोंगनेचा तट नव्याने आणि मोठा बांधायला घेतला, तेव्हा पाया खणताना माणसांची हाडं, बाणांची टोकं आणि बंदुकीच्या गोळ्या निघाल्या. त्या वेळचे अधिकारी जॉन्ग ऑन-सॉप यांनी ती हाडं गोळा करून सहा थडग्यांत पुरली. पण तेवढ्याने संपलं नाही. २००५ मध्ये बुसान मेट्रोच्या सुआन स्थानकाचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा जुन्या कोटाचा खंदक लागला. त्यात तलवारी, बाणांची टोकं, चिलखताचे पत्रे, आणि ८० हून अधिक माणसांचे सांगाडे. त्यांत बायका होत्या, लहान मूलही होतं. कवट्यांवर तलवारीचे घाव, काहींना गोळीचं भोक. ही सगळी काही तटावर लढताना पडलेली माणसं नव्हती. तट पडल्यानंतर कोटाच्या आत काय झालं, ते कुठल्याही बखरीपेक्षा या खंदकाने जास्त स्पष्ट सांगितलं. आता स्थानकातच त्याचं संग्रहालय आहे. रोज हजारो लोक कामाला जाता-येता तिथून जातात.

वाट मोकळी झाल्यावर जपानी सैन्य थांबलं नाही. राजा सोन्जो राजधानी सोडून उत्तरेला गेला आणि १२ जूनला सोल पडलं. बुसानला उतरल्यापासून अवघ्या २० दिवसांत. तिथून पुढे मात्र गणित फिरलं. ई सुन-शिनच्या आरमाराने समुद्रावरची रसद तोडायला घेतली, गावोगावी स्वयंसेवकांच्या फौजा उठल्या, मिंग सैन्य मदतीला आलं. जपानी सैन्य मागे रेटलं गेलं ते पुन्हा दक्षिण किनाऱ्यावर. बुसानजिनचा जुना कोट मोडून त्यांनी तिथे आपले किल्ले बांधले आणि सहा वर्षांहून अधिक काळ बुसान त्यांच्याच हातात राहिलं. १५९८ मध्ये हिदेयोशी मेला, आणि त्या वर्षअखेरीस शेवटची जहाजं इथूनच परत गेली.

दहा-अकरा वर्षांत व्यापार पुन्हा सुरू झाला. त्सुशिमाला जोसनच्या तांदळाशिवाय जगणं कठीण होतं आणि जोसनला शेजारी शांत हवा होता. १६०९ मध्ये करार झाला. जपानी व्यापाऱ्यांची वखार उभी राहिली ती बुसानलाच, आणि तिच्यावर देखरेख दोंगनेच्या अधिकाऱ्याकडे आली, म्हणजे सोंग सांग-ह्यॉन ज्या पदावर असताना मारले गेले त्याच पदावरच्या माणसाकडे. एक गोष्ट मात्र जोसनने करारातून काढून टाकली. युद्धाआधी जपानी वकील बुसानहून थेट सोलपर्यंत जात. त्या प्रवासात त्यांनी पाहून ठेवलेले रस्तेच १५९२ मध्ये सैन्याने वापरले होते. आता त्यांची भेट, नजराणा, मेजवानी, सगळं बुसान-दोंगनेतच उरकलं जाई. १६२९ चा एक अपवाद सोडला, तर पुढची अडीचशे वर्षं कुठल्याही जपानी वकिलाला सोलची वाट मिळाली नाही.