बारा मोटा की पंधरा? : सातवीच्या वर्गातील संशोधनलेखन

(दृश्य : सकाळची वेळ. दगडी पायऱ्या उतरणारी मुले, प्रत्येकाच्या हातात वही.)

साताऱ्याच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडे आत, लिंब गावच्या शिवारात ही विहीर आहे. वरून पाहिली तर तिचा आकार अष्टकोनी दिसतो. पायऱ्या उतरून खाली आले की विहिरीच्या पोटातच बांधलेला लहानसा महाल समोर येतो. लोक हिला बारा मोटांची विहीर म्हणतात; मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतील पाणी वर काढण्याची मोठी पिशवी. सातवीतील ही मुले येथे सहलीला आलेली नाहीत. त्यांच्या वह्यांत पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिलेला आहे, आणि हे काम सुरू होऊन आज तिसरा आठवडा चालू आहे.

‘प्रकल्प’ हा शब्द आपल्या शाळांना नवा नाही. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या बरोबरीने प्रकल्पालाही स्थान मिळाले. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांमध्ये प्रकल्प म्हणजे आदल्या रात्रीची धावपळ ठरली : स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली छापील चित्रे, इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंट, रंगीत मुखपृष्ठ, आणि आईने किंवा मोठ्या भावंडाने सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेला मजकूर. यात मुलांचा दोष आहे असे आम्हाला वाटत नाही. ‘अमुक विषयावर माहिती गोळा करा’ असे सांगितल्यावर मूल माहिती गोळा करते. ती तपासावी, तिच्याशी भांडावे, तिच्यातून काही निवडावे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून या वर्गातील बाईंनी पहिला आठवडा केवळ प्रश्न घडवण्यासाठी दिला. ‘आपल्या परिसरातील विहिरी’ हा विषय होता, प्रश्न नव्हता. मुलांनी फळ्यावर सुमारे तीस प्रश्न लिहिले आणि मग एकेक प्रश्न पारखला. याचे उत्तर एका शब्दात संपते का? उत्तर शोधायला आपण पायी, एसटीने किंवा पुस्तकातून पोहोचू शकतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे जाणून घ्यावे असे आपल्याला खरोखर वाटते का? शेवटी एका मुलीचा प्रश्न सगळ्यांनी उचलला. तिने दोन लेख वाचले होते. एकात या विहिरीवर बारा मोटा चालत असे लिहिले होते, तर दुसऱ्यात मोटांसाठी पंधरा जागा असल्याचे म्हटले होते. तिचा प्रश्न साधा होता : मग खरे काय?

(दृश्य : विहिरीच्या काठावर दोन गट, हातात दोरी आणि वही.)

मोजणे सोपे असेल असे सगळ्यांना वाटले होते, पण पहिल्या खेपेला दोन गटांची मोजणी जुळली नाही. कोणाचीही नजर चुकली नव्हती. ‘जागा’ कशाला म्हणायचे हेच आधी ठरलेले नव्हते. एका गटाने काठावरचा प्रत्येक बाहेर आलेला दगड धरला, तर दुसऱ्याने जेथे पाणी ओतण्याची सोय दिसते तेवढीच ठिकाणे धरली. बाईंनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी मुलांना काठावरच बसवले आणि व्याख्या लिहायला लावली. मोजण्याआधी काय मोजतो आहोत हे ठरवावे लागते, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलांना भर उन्हात, स्वतःच्या गोंधळातून कळली. ती वर्गात सांगून इतकी पक्की झाली असती असे वाटत नाही.

व्याख्या लिहायची तर मोट कशी चालते हे कळायला हवे, आणि ते या पिढीतील कोणीही पाहिलेले नाही. त्यामुळे पुढची पायरी आपोआप आली. एका मुलाच्या आजोबांनी तरुणपणी मोट हाकली होती. त्यांची मुलाखत घ्यायचे ठरले, आणि त्यासाठी प्रश्न आधी लिहून काढले गेले. आजोबांनी चामड्याची मोट, तिला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर, बैल ज्या उतारावरून चालत ती धाव आणि पाणी ज्यात ओतले जाई ते थारोळे हे सगळे हातांनी दाखवत सांगितले. बोलता बोलता त्यांनी एक असे वाक्य उच्चारले, ज्याने संपूर्ण प्रकल्पाची दिशा बदलली : जागा असली म्हंजी मोट रोज चालतीच असं न्हाई, बैलं बी लागत्यात की. बांधलेल्या जागा आणि एका वेळी चालणाऱ्या मोटा या दोन वेगळ्या संख्या असू शकतात. दोन्ही लेख एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता मुलांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसली.

आजोबांचे ते वाक्य वहीत कसे लिहायचे, यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. काहींनी ते प्रमाण भाषेत सुधारून लिहिले होते. बाईंनी ते अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे, बोलीत ठेवायला सांगितले, आणि खाली मुलाखतीची तारीख लिहायला लावली. आमच्या मते या कामातील हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. मुले पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवतात याचे एक कारण आळस असेलही. पण त्याहून मोठे कारण असे की, आपली घरची भाषा वहीत लिहिण्याच्या योग्यतेची नाही अशी त्यांची समजूत झालेली असते. ज्या मुलाच्या आजोबांचे बोलणे पुरावा म्हणून स्वीकारले जाते, ते मूल पुढच्या पानावर स्वतःचे वाक्य लिहायला धजावते.

उताऱ्यापासून टिपणाकडे नेण्यासाठी या वर्गाने एक साधी पद्धत वापरली. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, आणि जे लक्षात राहिले ते चिठ्ठीवर स्वतःच्या शब्दांत लिहायचे. मग पुस्तक उघडून पडताळायचे, आणि चिठ्ठीच्या मागे पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष व पान नोंदवायचे. संदर्भ का द्यायचा, हे समजावण्यासाठी बाईंनी मराठी विश्वकोशाचा खंड वर्गात आणला. येथून जवळच असलेल्या वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली हे काम उभे राहिले आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, आणि अनेक नोंदींखाली संदर्भही दिलेले असतात. एवढे मोठे पंडितसुद्धा आपल्याला हे कोठून कळले ते सांगतात, हे मुलांनी बोट ठेवून पाहिले.

विहिरीच्या शिलालेखावरून बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ आणि बांधवून घेणाऱ्या विरुबाई भोसले असे सांगितले जाते. शकात ७८ मिळवून मुलांनी इसवी सन काढला : १७१९ ते १७२४, म्हणजे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा काळ.

(दृश्य : वर्ग. सगळे शांतपणे वाचत आहेत, बाईसुद्धा.)

या सगळ्यामागे रोजची वीस मिनिटे आहेत. दुपारच्या सुट्टीनंतर वर्गातील प्रत्येक जण स्वतः निवडलेले पुस्तक वाचतो. त्यावर प्रश्नोत्तरे नाहीत, गुण नाहीत, पुस्तक परिचय लिहिण्याची सक्ती नाही, आणि आवडले नाही तर पुस्तक अर्धवट ठेवण्याची मुभा आहे. नोंदवहीत केवळ नाव आणि तारीख लिहायची. बाईही त्या वेळेत वह्या तपासत नाहीत, त्यांचे पुस्तक वाचतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे २००९ पासून लिहिलेले आहे. तरीही पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची या धास्तीने अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते. या वर्गाने कपाटच काढून टाकले. दोरीवर पुस्तके टांगली, आणि नोंद ठेवण्याचे काम मुलांकडे दिले. काही पुस्तके फाटली, दोन परत आली नाहीत. बाईंच्या लेखी हा वाचनाचा खर्च आहे.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. येथील मुले ते शाळेच्या संगणकावर वाचतात. पाचगणीजवळचे भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, तेथेही हा वर्ग एकदा जाऊन आला. पण सवय लागली ती त्या सहलीने नव्हे, तर रोजच्या वीस मिनिटांनी. जे मूल स्वतःसाठी वाचते, त्याला लांब परिच्छेदाची भीती वाटत नाही. आणि संशोधनासाठी वाचताना नेमकी हीच भीती आड येते.

(दृश्य : खोडलेल्या ओळींनी भरलेली वहीची पाने.)

प्रत्येकाने मसुदा तीनदा लिहिला. पहिल्या मसुद्यावर बाईंनी शुद्धलेखनाची एकही खूण केली नाही. त्यांनी समासात केवळ ‘हे कोठून कळले?’ असे विचारले. शुद्धलेखन तिसऱ्या मसुद्यात आले.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिच्या अंतिम लेखनात बारा आणि पंधरा या दोन्ही संख्या आहेत, दोन्ही गटांची मोजणी आहे, आजोबांचे वाक्य आहे. तिचा निष्कर्ष ‘असावे’ या क्रियापदाने संपतो. विहिरीच्या पाण्यावर ३३०० आंब्यांची बाग होती, असेही तिने वाचले होते. त्याविषयी शेवटच्या पानावर ती लिहिते : ‘हा आकडा मला तीन ठिकाणी मिळाला. तो कोणी मोजला, हे तिन्ही ठिकाणी लिहिलेले नाही. म्हणून मी तो माझ्या उत्तरात घेतलेला नाही. पुढच्या वर्षी मी तो शोधणार आहे.’