पिसांच्या मुकुटाचे मानकरी

तैवानची मध्यवर्ती पर्वतरांग आणि प्रशांत महासागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, हुआलिएनपासून ताइतुंगपर्यंत, अमिस लोकांच्या वस्त्या आहेत. तैवान सरकारने मान्यता दिलेल्या 16 आदिवासी समाजांपैकी हा सर्वांत मोठा असून त्याची लोकसंख्या 2 लाखांहून अधिक आहे.

परंपरेने येथे घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि पुरुष लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला जातो. घरात मालकी नसलेल्या या पुरुषाचा गावातला मान प्रामुख्याने त्याच्या वयोगटावरून ठरतो. वयात येणारी मुले एकाच वेळी एका गटात दाखल होतात आणि जन्मभर त्याच सोबत्यांसह एकेक श्रेणी वर चढत जातात. सर्वांत खालच्या श्रेणीतले ‘पाकारोंगाय’ निरोप पोहोचवतात, पाणी आणि सरपण आणतात. तरुणांचे नेतृत्व ‘मामा नो कापाह’, म्हणजे तरुणांचा बाप, याच्याकडे असते. हा ‘मामा’ आपला मामा नव्हे. आईच्या भावाला अमिस भाषेत ‘फाकी’ म्हणतात, आणि बहिणीच्या घरातल्या महत्त्वाच्या निर्णयांत त्याच्या शब्दाला मोठे वजन असते.

जुलै-ऑगस्टमध्ये ‘इलिसिन’ हा वर्षातला मोठा उत्सव येतो, आणि एरवी कामांच्या वाटणीत दिसणारी ही उतरंड तेव्हा अंगावर चढते. सिउकुलुआन नदीकाठच्या किविट गावात ‘चिओपिहाय’ नावाची तरुणांची एक श्रेणी आहे, आणि ‘पिसांचा मुकुट असलेले’ हाच त्या नावाचा अर्थ. पांढऱ्या पिसांचा तो उंच मुकुट घालून हे तरुण नाचू लागले की पावलागणिक घुंगरांचा आवाज घुमतो. मुकुट वारशाने मिळत नाही. गटाची पाळी यावी लागते, आणि गट वर सरकला की तो मान मागून येणाऱ्यांकडे जातो.

सगळ्या अमिस वस्त्यांचा पोशाख एकसारखा आहे, असा समज छायाचित्रांमुळे पसरला आहे. हुआलिएन शहराजवळच्या वस्त्यांत जुना पोशाख काळा होता. आज ओळखीचा झालेला भडक लाल रंग तेथे मुख्यतः पर्यटकांसमोर होणाऱ्या नृत्यांमुळे रुळला, आणि काही वस्त्या आता जाणीवपूर्वक काळ्याकडे परतल्या आहेत. लाल रंग सरसकट खोटा ठरवणे मात्र घाईचे होईल, कारण तोच पोशाख घालून वाढलेल्या पिढ्या आज रिंगणात उभ्या आहेत.

त्या रिंगणातही हातात हात गुंफून पुरुष वयाच्या क्रमाने उभे राहतात, आणि सर्वांत लहान मुले शेपटाला असतात. तरुणांच्या खांद्याला ‘आलोफो’ नावाची भरतकाम केलेली पिशवी लटकत असते. मनात भरलेल्या तरुणाच्या पिशवीत मुलगी सुपारी टाकते. पुढे लग्न जमलेच, तर सामान बांधून निघायचे असते ते त्या तरुणाने.