कॉफीच्या रंगाचं पाणी

(दृश्य: सकाळ. निफाड तालुक्यातलं एक घर, अंगणात उभा ट्रक, चाकांना दगड लावलेले.)

रेडिएटरचं झाकण उघडलं की आत पाणी दिसायला हवं. काकांच्या गाडीत दिसला तपकिरी लगदा. बोटावर घेतला तर लोण्यासारखा सरकत होता, हुंगला तर इंजिन ऑइलचा वास. काकांनी बोट पायजम्याला पुसलं आणि म्हणाले, "कॉफी झाली रे."

आदल्या रात्री गाडी वाशीला कांदा उतरवून, परतीला खताच्या गोण्या भरून येत होती. कसारा घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला. काकांनी गाडी बाजूला घेतली, तासभर थांबले, गार झाल्यावर पाणी टाकलं आणि हळूहळू घर गाठलं. सकाळी एका गॅरेजवाल्याला फोन केला. त्यानं गाडी न बघताच निकाल दिला: हेड पॅकिंग गेलं (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील), हेड खोलावं लागेल, गाडी आणून लावा.

काकांनी फोन ठेवला आणि मला टॉर्च आणायला सांगितलं.

गाडी टाटाची, सोळा-तेरा. या गाड्यांच्या नावातच त्यांचं माप असतं: मालासकट साधारण 16 टन वजन, 130 हॉर्सपॉवर. आत सहा सिलिंडरचं, 5.9 लिटरचं कमिन्स इंजिन. टाटा आणि कमिन्स 1993 साली एकत्र आले आणि जमशेदपूरला हे इंजिन बनायला लागलं. याच घराण्यातलं इंजिन अमेरिकेत 1989 साली डॉजच्या पिकअपमध्ये बसायला लागलं आणि तिथं लोक ते आपल्या घराच्या दारात उभं करून खोलतात. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपलं अंगण काय वाईट आहे?"

आता मुद्द्याचा प्रश्न. पाण्यात ऑइल आलं कुठून? वाटा दोन: हेड पॅकिंग किंवा ऑइल कूलर.

ऑइल कूलर म्हणजे या इंजिनात ब्लॉकच्या कुशीत, ऑइल फिल्टरच्या मागे बसलेला पत्र्याच्या चपट्या पाकळ्यांचा एक गठ्ठा. पाकळ्यांच्या आतून ऑइल जातं, बाहेरून रेडिएटरचं पाणी. दोघांमध्ये फक्त पत्रा. पाणी ऑइलची उष्णता घेऊन जातं, दोघांची भेट मात्र होत नाही. पत्र्याला टाचणीएवढं भोक पडलं की ती होते. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी वर असतो, म्हणून आधी ऑइलच पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की उलटं. ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या रेडिएटरमध्ये थोडा दाब उरतो आणि पाणी ऑइलमध्ये झिरपायला लागतं. म्हणून असल्या गाडीत "बघू उद्या" म्हणणं महागात पडतं. बेअरिंगांना पाणी मानवत नाही.

हेड पॅकिंग गेलं असतं तर बहुधा सिलिंडरमधला गॅस पाण्यात आला असता. काकांनी गार इंजिनावर झाकण काढून ठेवलं, गाडी चालू केली आणि मला रेडिएटरच्या तोंडाशी उभं केलं. मी बघत राहिलो. सतत येणारे बुडबुडे नाहीत, धुराचा वास नाही. इंजिन थंड असतानाच होज पाईप दगडासारखे टणक होत होते का? तेही नाही. संशय कूलरवर आला.

(दृश्य: ट्रकखाली घमेलं, त्यात पडणारी ऑइलची धार.)

आधी रेडिएटर रिकामा, मग इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरचा नट काढून ऑइल खाली. ऑइलच्या धारेबरोबर सुरुवातीला चार-सहा चमचे पाणीही आलं. ते बघून काका पहिल्यांदा गप्प झाले.

कूलर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, बाजूला आहे. आमची केबिन बॉडीवाल्यानं बांधलेली, ती पुढे पालथी होत नाही. म्हणून आतून इंजिनावरचं झाकण काढायचं आणि बाकीचं खालून, पाठीवर पडून. फिल्टर निघाला. फिल्टर ज्यावर बसतो त्या फिल्टर हेडवरून टर्बोला ऑइल देणारी बारीक नळी जाते, ती सोडवली आणि तोंडात चिंधी कोंबली, कचरा जायला नको म्हणून. मग कव्हरचे बोल्ट. कुठला बोल्ट कुठून निघाला हे लक्षात राहावं म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचला. कव्हर सुटलं, आतला गठ्ठा हातात आला.

तो इथं जवळून बघा. पाकळ्यांवर चहाच्या पातेल्यात बसतो तसला पांढरा, खरबरीत थर. मधूनमधून गंजाचे डाग. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं आहे आणि कित्येक वर्षं या रेडिएटरमध्ये तेच जात होतं. धाब्यावरच्या ड्रमचं, शेतातल्या पाईपचं, जे हाताशी येईल ते. पाण्याऐवजी टाकायचं कुलंट फक्त इंजिन तापू नये म्हणून असतं असा आपला समज. त्यात गंज रोखणारी द्रव्यंही असतात आणि पत्रा वाचतो तो त्यांच्यामुळे. यात कंपनीला नावं ठेवायला जागा नव्हती.

खात्री करायची म्हणून काकांनी कूलरचं एक तोंड रबरानं बंद केलं, दुसऱ्यातून पंक्चरवाल्याच्या पंपानं बेतानं हवा भरली आणि गठ्ठा बादलीत बुडवला. दोन पाकळ्यांच्या मधून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. काका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. गॅरेजवाल्याला फोन मात्र केला नाही.

नवा कूलर बसवायला दोन तासही लागले नाहीत. जुनं पॅकिंग पात्यानं खरवडलं, ब्लॉकवर ओरखडा न पाडता. नव्या कूलरच्या तोंडांना कारखान्यातून येतानाच प्लास्टिकची बुचं असतात. ती काढायची राहिली तर ऑइलची वाटच बंद. मी विचारलं, "काका, ही बुचं तशीच ठेवायची का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा तासभर मी नुसता टॉर्च धरला. दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग लावलं, मग कव्हर. बोल्ट 24 न्यूटन-मीटरला, मधून बाहेर, थोडेथोडे. किती घट्ट आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून मागून आणला होता.

खरं काम त्यानंतर सुरू झालं.

रेडिएटर, ब्लॉक, हीटरच्या नळ्या, सगळीकडे तो तपकिरी लगदा चिकटलेला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, काढून ठेवला, म्हणजे पाणी न अडता फिरेल. इंजिन कोरडं चालवायचं नाही म्हणून धुण्यापुरतं ऑइल आणि फिल्टर घातला. पहिल्यांदा आम्ही कपडे धुवायची पावडर टाकली. गाडी चालू केली आणि रेडिएटरमधून फेस असा उसळला की अंगणात पिठाची गिरणी फुटल्यासारखं झालं. काकू पडवीतून ओरडली, "अहो, गाडी धुताय का कपडे?" मग फेस न होणारं, रेडिएटर साफ करायचं द्रावण आणलं. भरायचं, इंजिन तापवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. दोन दिवसांत सहा वेळा. चौथ्या वेळेला पाणी चहासारखं, सहाव्या वेळेला वर नुसती इंद्रधनुष्यासारखी साय. ऑइलनं फुगलेले होज पाईप दाबले की बोट आत रुतायचं, ते सगळे बदलले.

ते तेलकट पाणी ओढ्यात सोडलं नाही. ओढ्याच्या काठावर आमचीच विहीर आहे. ड्रममध्ये भरून ठेवलं. जळकं ऑइलही वेगळं, परवानाधारक रिसायकलवाल्याला द्यायला. 2016 च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, हे मला ही फिल्म करताना कळलं. काकांनी ड्रम आधीच भरून ठेवले होते.

(दृश्य: काकांचा हात स्टॉपच्या केबलवर.)

थर्मोस्टॅट परत बसला. कुलंट हळूहळू ओतलं, आतली हवा बाहेर पडू देत. धुण्यापुरतं घातलेलं ऑइल सोडलं. नवं ऑइल, नवा फिल्टर, तोही आधी ऑइलनं भरून. इंजिनाचं डिझेल बंद करणारी स्टॉपची केबल ओढून धरली आणि सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, चालू होत नव्हतं. तेच हवं होतं. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावरून हलला, मग काकांनी केबल सोडली. पुढच्या सेल्फला गाडी धरली. कुलंट हळूहळू ओतलं, आतली हवा बाहेर पडू देत.

दोन फेऱ्यांनंतर झाकण उघडलं. आत हिरवं, स्वच्छ, तळ दिसणारं. केबिनमागे पाण्याचा पिवळा कॅन बांधलेला असायचा, त्या जागी आता तयार मिसळलेल्या कुलंटचा कॅन आहे. काकांनी रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ऑइल पेंटनं लिहिलं: "पाणी टाकू नये". मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ: "धाब्यावरचं तर नाहीच".