कालवाला कान नाहीत, तरी ते दचकतं कसं?

(टेबलावर खाऱ्या पाण्याचा डबा, त्यात एक जिवंत कालव. शिंपला जरासा उघडा.)

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात तिसऱ्या घेताना उघड्या शिंपल्याला टिचकी मारून बघतात ना? मिटली तर जिवंत. हे बघा, कालवाचंही तेच. (टिचकी.) मिटलं.

आता शिंपल्याला हात न लावता पाण्यात नुसता आवाज सोडला तर? तरीही मिटतं. 2017 साली फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठाच्या संशोधकांनी पॅसिफिक कालवांवर हे मोजलं. 1000 हर्ट्झच्या आतल्या आवाजांना शिंपले मिटले, आणि सगळ्यांत जास्त 10 ते 200 हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजांना. चिरक्या आवाजांना ढिम्म! (कोकणातल्या कालवांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका, जात वेगळी आहे.)

आवाज जाताना पाण्याचा दाब बदलतो आणि पाण्याचे कणही मागेपुढे हलतात. आपल्या कानाचा पडदा दाब पकडतो. कालवाला पडदाच नाही, ते हालचाल पकडतं. कसं? बहुधा असं: ही वाटी, हा हरभरा. वाटी झटक्यात सरकवली की हरभरा जागीच राहतो. शिंपल्यांच्या प्राण्यांत अशी एक सूक्ष्म पिशवी असते, स्टॅटोसिस्ट. आत द्रव, जड कण, भोवती केसांसारख्या पेशी. पाण्याबरोबर अंग हलतं, कण मागे राहतो, केस वाकतात. मग स्नायू आखडतो आणि शिंपला मिटतो. उघडायला मात्र स्नायू लागत नाही. बिजागरीतला चिवट बंध शिंपला आपोआप उघडतो, म्हणून मेलेलं कालव आ वासून पडतं.

मिटलेलं कालव ना पाणी गाळतं, ना खातं. जहाजांची घरघर नेमकी याच खालच्या पट्टीत असते, ही खरी अडचण.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करायचं असेल तर. शिंपल्याच्या एका अर्ध्यावर हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा), दुसऱ्यावर छोटं चुंबक. फट बदलली की व्होल्टेज बदलतो. आधी शिंपला घासून कोरडा करा, नाहीतर चिकटवलेलं सुटतं, आणि सेन्सरवर इपॉक्सीचा थर द्या. मग एक दिवस कालवाला हात लावू नका. बर्फावरून पुण्यात आलेलं कालव आधीच सुस्त असतं, ते नकोच.

चुका इथे होतात. मोबाइलच्या स्पीकरमधून 100 हर्ट्झ धड निघतच नाही, आणि आपण म्हणतो कालव बहिरं! मोठा स्पीकर टाकीला टेकवला तर त्याचं चुंबक सेन्सरला फसवतं: कालव गप्प, आलेख नाचतो. शिवाय पाण्यात 100 हर्ट्झची लहर साधारण 15 मीटर लांब असते आणि तुमची टाकी दोन फुटांची. तिथे डेसिबलचा आकडा फारसं सांगत नाही. पाणी किती हलतंय ते कालवाच्या शेजारी अ‍ॅक्सिलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) ठेवून मोजा. एकच सूर सारखा वाजवला तर कालव सरावतं, म्हणून मध्ये भरपूर वेळ सोडा.

आणि एक फेरी अशी घ्याच: तारा तशाच, अ‍ॅम्प्लिफायर चालू, आवाज शून्य. त्यातही कालव मिटलं, तर आधी बघा, टाकीवर तुमची सावली तर पडली नाही?