स्नायूची दुरुस्ती आणि रक्ताची वाट

मित्रहो,

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे पालक ज्याला नुसते ‘डीएमडी’ म्हणतात तो जनुकातल्या दोषामुळे स्नायू झिजवत नेणारा आजार, झालेल्या लहान मुलाच्या स्नायूची बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मेलेले तंतू पुष्कळदा पुंजक्याने आढळतात. शेजारशेजारचे काही तंतू एकाच वेळी मेलेले असतात आणि त्यांच्या भोवतीचे बरेच तंतू मात्र अजून शाबूत असतात. जनुकातला दोष तर त्या स्नायूच्या प्रत्येक तंतूत सारखाच असतो. मग नुकसान असे गटागटाने का व्हावे? आजचे सगळे विवेचन मी या एका प्रश्नाभोवती ठेवणार आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर रक्तपुरवठ्याचे होते. स्नायूच्या एका लहान भागाला रक्त कमी पडले, तर तिथले तंतू एकत्रच मरतील, हे सरळ आहे. अमेरिकेत मेंडेल, एंगल आणि डेरर यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या महाधमनीला गाठ मारून, शिवाय रक्तवाहिन्या आकसवणारे सेरोटोनिन देऊन, डीएमडीसारखेच दिसणारे पुंजके स्नायूत निर्माण करून दाखवले. परंतु रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा काही सापडेना, आणि ही कल्पना हळूहळू मागे पडली.

१९८६-८७ मध्ये बोस्टनमधील लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने एक्स गुणसूत्रावरचे जनुक आणि त्यापासून बनणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शोधून काढले, तेव्हा चित्र पालटले. जनुक प्रचंड आहे, वीस लाखांहून अधिक अक्षरजोड्यांचे, ७९ एक्झॉनचे, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या ७९ तुकड्यांचे. इतक्या लांबीत नव्याने बिघाड होण्याला भरपूर वाव असतो. सुमारे एकतृतीयांश मुलांत हा बदल आईकडून आलेलाच नसतो. घरातल्यांनी सुनेला दोष देण्यापूर्वी हे ऐकावे, आणि बदल आईकडून आला असला तरी त्यात तिचा अपराध कसला? डिस्ट्रोफिन तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरचे आवरण यांना जोडून ठेवते. ते नसले की प्रत्येक आकुंचनात आवरणाला चिरा पडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि आतले सीपीके हे विकर (एन्झाइम) बाहेर रक्तात सांडते. तपासणीत त्याचा आकडा हजारोंच्या घरात जातो तो त्यामुळेच. हे स्पष्टीकरण इतके समाधानकारक होते की रक्तवाहिन्यांचा प्रश्न कित्येकांच्या दृष्टीने संपलाच.

तो संपलेला नव्हता. १९९५ मध्ये असे लक्षात आले की डिस्ट्रोफिनच्या आधाराने आवरणालगत आणखी एक विकर बसलेले असते, ज्याला संशोधक ‘एन-नॉस’ म्हणतात, आणि त्याचे काम नायट्रिक ऑक्साइड तयार करणे हे आहे. आपण मेहनत करू लागलो की मज्जासंस्था शरीरभरच्या रक्तवाहिन्या आकसवते, कारण रक्तदाब टिकवायचा असतो. पण काम करणाऱ्या स्नायूला तर त्याच वेळी अधिक रक्त हवे असते. तेव्हा तो स्नायू स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडून आपल्यापुरती ती आज्ञा मोडून काढतो. डिस्ट्रोफिन नसले की एन-नॉस आपली जागा सोडते आणि स्नायूची ही मागणी रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतच नाही. २००० साली डीएमडी झालेल्या मुलांवर हे प्रत्यक्ष तपासले गेले. मुलांना मूठ आवळण्याचा व्यायाम देऊन अग्रबाहूच्या स्नायूतला प्राणवायू मोजला, तेव्हा निरोगी मुलांत सैल होणाऱ्या रक्तवाहिन्या या मुलांत आकसलेल्याच राहिल्या. वाहिनीत अडथळा शोधणाऱ्यांना तो सापडला नाही, याचे कारण इथे आहे: नळी मोकळीच होती, निरोप तुटला होता. आधीच चिरा पडलेल्या तंतूंना ऐन कामाच्या वेळी रक्त कमी पडते, आणि पुंजक्याचे कोडे सुटायला लागते.

आता दुरुस्तीकडे येऊ. निरोगी स्नायूलाही इजा होते, आणि ती भरून काढणाऱ्या मूळपेशी तंतूला चिकटूनच असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम पाहिल्या आणि त्यांच्या स्थानावरून त्यांना सॅटेलाइट (उपग्रह) पेशी हे नाव दिले. पुढे, २००७ मध्ये, फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की या पेशी बहुतांशी केशवाहिनीच्या अगदी शेजारी राहतात. हा शेजार दोन्ही बाजूंनी उपयोगाचा आहे. केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढीचे घटक पुरवून सॅटेलाइट पेशींची संख्या वाढवतात, आणि स्नायू बनू लागलेल्या पेशी उलट नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना देतात. उंदरांवरील नंतरच्या कामातून असेही दिसले की काम नसताना सॅटेलाइट पेशींना शांत, राखीव ठेवण्याचा संकेतही याच अस्तराकडून येतो. म्हणजे केशवाहिनीचे काम प्राणवायू पोहोचवण्यापुरते नाही, दुरुस्ती कधी सुरू करायची आणि राखीव फळी कशी टिकवायची यातही तिचा हात आहे.

डीएमडीत ही व्यवस्था अनेक ठिकाणी एकदम ढासळते. सॅटेलाइट पेशींनाही विभागताना डिस्ट्रोफिन लागते, हे ओटावातील मायकेल रुडनिकी यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. वर्षानुवर्षे तंतू मरत राहतात, दुरुस्ती अपुरी पडत जाते, आणि त्या जागी तंतुमय ऊती व चरबी भरते. ती केशवाहिनी आणि तंतू यांच्यामध्ये येऊन बसली की तो शेजारच तुटतो.

मग रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? दिले गेले. टाडालाफिल या औषधाने रक्तप्रवाह सुधारतो असे लहान अभ्यासांत दिसल्यावर ७ ते १४ वर्षांच्या ३३१ मुलांवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१७ मध्ये आला: चालण्याची क्षमता घटण्याचा वेग कमी झाला नाही. पालकांची मोठी निराशा झाली. माझ्या मते यावरून रक्तवाहिन्यांची बाजू चुकीची ठरत नाही. हे औषध नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, असलेल्याचा परिणाम फक्त लांबवते. आवरणाच्या चिरा आणि थकलेल्या सॅटेलाइट पेशी तशाच राहतात, आणि सात वर्षांच्या वयापर्यंत पुष्कळ हानी झालेली असते.

नायट्रिक ऑक्साइडचा आणखी एक धागा अनपेक्षितपणे उपयोगी पडला. ते पेशीच्या केंद्रकात एचडीएसी-२ या विकराला आवरते. ते कमी पडले की हे विकर मोकाट सुटून दुरुस्तीची जनुके दाबून ठेवते, असे इटालियन संशोधकांनी २००८ मध्ये मांडले. या गटातल्या विकरांना रोखणाऱ्या गिविनोस्टॅटला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, पण ऱ्हास मंदावतो.

इथे मला मूळपेशी उपचारांबद्दल स्पष्ट बोलायचे आहे. इटलीत जुलिओ कोस्सू यांनी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या विशिष्ट पेशी उंदरांत आणि कुत्र्यांत यशस्वीपणे वापरल्या. पुढे पाच मुलांना जुळणाऱ्या भावंडांच्या पेशी धमनीतून दिल्या, आणि मुलांना फारसा लाभ झाला नाही हे २०१५ मध्ये प्रामाणिकपणे छापले. इतक्या तयारीने हा निकाल येत असेल, तर आपल्याकडे लाखो रुपये घेऊन कसल्यातरी पेशी टोचणाऱ्यांच्या जाहिरातींवर आई-वडिलांनी जमीन विकू नये. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात चाचणीबाहेर मूळपेशी देणे अनैतिकच आहे. आणि मान्य चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात नाहीत.

शेवटी जनुकोपचार. जनुक स्नायूपर्यंत विषाणूच्या कवचातून नेतात, पण पूर्ण जनुक त्यात मावत नाही म्हणून त्याची आखूड आवृत्ती, मायक्रोडिस्ट्रोफिन, दिली जाते. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या आवृत्तीत एन-नॉसला धरून ठेवणारा भाग, म्हणजे डिस्ट्रोफिनमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्या तुकड्यांपैकी १६ वा आणि १७ वा, वगळलेला आहे. या उपचारानंतर यकृत निकामी होऊन मुले दगावल्याचेही २०२५ मध्ये समोर आले. चाचण्यांत असलेल्या दुसऱ्या एका आवृत्तीत तो भाग ठेवला आहे. त्याने फरक पडतो का, हे फक्त मूल किती पावले चालते यावरून ठरवू नये. २००० साली केला तसा मूठ आवळण्याचा प्रयोग उपचाराआधी आणि नंतर करून, स्नायूची रक्ताची मागणी पुन्हा ऐकली जाते की नाही, हे प्रत्येक चाचणीत मोजले गेले पाहिजे.